राखीव चार जीबी

संशय घेण्याचा मला पगार मिळायचा. नोकरीची सगळी वर्षं मी तारापूरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका केमिकल कंपनीत बाहेरून आलेला माल तपासत होतो. टँकर गेटवर आला की सीलचा नंबर कागदाशी ताडून बघायचा, वर चढून झाकण उघडायचं आणि वरचा, मधला, तळाचा असे तीन नमुने काढायचे. वर माल चोख आणि तळाला पाणी, असले टँकर मी कितीतरी परत पाठवले. ड्रायव्हर फार गोड बोलायला लागला की मी तळाचा नमुना दोनदा काढायचो.

अशा माणसाला निवृत्त होताना सहकाऱ्यांनी लॅपटॉप भेट दिला. मी आधी खोक्याची चिकटपट्टी बघितली, मग खोक्यावरचा नंबर लॅपटॉपच्या पाठीवरच्या नंबराशी ताडला, आणि मगच सगळ्यांना धन्यवाद दिले. बायको म्हणाली, "अहो, हार घातलाय गळ्यात. आता तरी थांबा." नंबर मात्र बरोबर निघाला, हे सांगायला हवं.

पालघरच्या घरी लॅपटॉप आला त्याच दिवशी मी त्याच्यासाठी एक लांब वही सुरू केली. कंपनीत आमच्याकडे पद्धतच होती. कुठल्याही यंत्राला हात लागला की नोंद व्हायची: तारीख, काय केलं, करणाऱ्याची सही, तपासणाऱ्याची सही. जो काम करतो त्याने स्वतःच ते तपासायचं नाही, हा नियम. मुलीने लॅपटॉपात नवीन काही टाकलं तरी मी वही पुढे करायचो. ती हसत सही करायची, मग मी शेवटच्या रकान्यात लाल पेनाने सही करायचो. लाल पेन घरात फक्त माझ्याकडे होतं.

लॅपटॉपची मेमरी चार जीबी. मी छोट्या कारखान्यांतल्या कामगारांना सुरक्षिततेचे धडे द्यायला जातो, त्यासाठी चित्रं, व्हिडिओ असं सगळं त्यात भरत गेलो, आणि तो अडखळायला लागला. एक चित्र उघडायचं म्हणजे चहा होऊन जायचा. मी मोबाइलवर व्हिडिओ बघून एकदोन उपाय केले, थोडे दिवस बरं वाटलं, मग पुन्हा तेच. हे रडगाणं मी जावयापुढे गायलं.

आता जावयाबद्दल सांगतो. तो दांडीचा, मासेमारी करणाऱ्या घरातला. बोईसरला एका कंपनीत प्रेशरचे, तापमानाचे काटे दुरुस्त करतो. मुलीने त्याला स्वतः निवडला आणि मग आम्हाला सांगितलं. झालं! मी तीन दिवस त्याच्या कंपनीच्या गेटसमोरच्या चहाच्या टपरीवर बसून चौकशी केली. दारू नाही, जुगार नाही, कुणाशी भांडण नाही. त्याच्याबद्दल वाईट काहीच मिळालं नाही, याचाच मला जास्त संशय आला. लग्न झालं, तीन वर्षं झाली, पण माझ्या मनात तळाचा नमुना काढायचा राहूनच गेला होता.

एका रविवारी तो आला तो खिशात चार जीबीची मेमरीची पट्टी घेऊनच. म्हणाला, "बाबा, तुमच्या लॅपटॉपात एक जागा रिकामी हाय. ही बसवू." पाठ उघडली, पट्टी खटकन बसवली, वहीत लिहिलं: चार जीबी मेमरी वाढवली. सही केली. स्क्रीनवर आठ जीबी दिसले, मी लाल सही केली, आम्ही चहा प्यायलो आणि मुलगी-जावई दांडीला गेले.

ते गेल्यावर मी चष्मा लावून पुन्हा बघितलं. आठ जीबीच्या पुढे कंसात बारीक अक्षरांत लिहिलं होतं: वापरण्याजोगी ३.९.

बारीक अक्षरात जे लिहितात तेच खरं असतं, हे मला मालाच्या कागदांनी शिकवलं आहे. मी आत आत शिरलो. लॅपटॉपात एक पान आहे, त्यावर मेमरीची आडवी पट्टी दिसते. हिरवा भाग चालू कामाचा, निळा मोकळा. आणि डावीकडे अर्धी पट्टी करडी. तिच्यावर लिहिलेलं, हार्डवेअरसाठी राखीव: चार जीबीच्याही वर. मी कपाळाला हात लावला. कोणासाठी राखीव? कोणी राखली? घरात दोन माणसं, लॅपटॉप एकच, आणि अर्धी मेमरी कुणा तिसऱ्याच्या नावावर!

माझं डोकं जुन्या सवयीने चालू झालं. आधी आलेला माल चालत होता. नवा माल आला आणि हिशेब बिघडला. म्हणजे खोट नव्या मालात. पट्टी मेलेली असणार. नाव दाखवते, काम करत नाही. वर माल चोख, तळाला पाणी. मग दुसरा विचार आला आणि तो पहिल्यापेक्षा वाईट होता. पट्टीला खोकं नव्हतं, कागद नव्हता, ती नुसती रुमालात गुंडाळलेली होती. काटे दुरुस्त करणाऱ्याच्या हाताखाली कंपनीचे मोडीत निघालेले कॉम्प्युटर येतच असतील. मला चूक मान्य करायची आहे म्हणून सांगतो, मी त्या आठवड्यात जावयाला मनातल्या मनात चोर ठरवून टाकला होता.

पुढच्या रविवारी दोघं जेवायला आले. जावयाने ताकभात कालवला होता. मी म्हणालो, "ती पट्टी कुठून आणलीत?"

"बोईसरहून, बाबा."

"कुठल्या दुकानातून? बिल असेल ना?"

बायकोने माझ्याकडे असं पाहिलं की दुसरा कोणी असता तर तिथेच गप्प बसला असता. जावई म्हणाला, "भेट हाय ती. भेटीचं बिल कोण ठेवतो?"

मी करड्या पट्टीचं सगळं सांगितलं, आवाज न चढवता. मी संशय घेताना कधीच आवाज चढवत नाही, तेच लोकांना जास्त लागतं. तो शांतपणे ऐकत होता. मग म्हणाला, "पट्टी चांगली हाय. कुणीतरी सेटिंगला हात लावला असंल. तुमची वही बघू जरा. तुमी सगळं लिवता ना त्यात."

आणि मी म्हणालो, "ज्याच्यावर संशय असतो, त्याच्या हातात वही देत नसतात."

कंपनीत हे वाक्य मी शंभरदा बोललो असेन. जेवणाच्या ताटावर ते कसं पडतं हे मला त्या दिवशी कळलं. जावयाने बोटांचा भात ताटात झटकला, ताटाला नमस्कार केला आणि उठला. कालवलेला भात तसाच राहिला. मुलगीही उठली. दारात ती एवढंच म्हणाली, "बाबा, त्यांनी ओव्हरटाइम करून आणली होती ती पट्टी." मी त्यावरही मनात म्हटलं, असं तो सांगतो.

त्यानंतर तो आमच्या घराची पायरी चढला नाही. मुलगी एकदोनदा येऊन गेली, बसली ती पाहुण्यासारखी, पर्स मांडीवर ठेवून. आणि मग अधिक महिना लागला.

अधिकात जावयाचा मान असतो. लेक-जावयाला बोलवायचं, ताटात तेहतीस अनारसे आणि वर दिवा ठेवून ते वाण जावयाला द्यायचं. बायकोने महिना लागण्याआधीच तांदूळ भिजत घातले होते. तीन दिवस पाणी बदललं, तांदूळ सावलीत सुकवले, कुटले, गूळ घालून पिठाचे गोळे डब्यात दाबून ठेवले. मग मुलीला फोन केला. फोन स्पीकरवर होता, मी पेपर वाचायचं सोंग करत होतो.

"आई, ते येणार नाहीत," मुलगी म्हणाली. "चोर म्हणून ज्या घरातून उठलो तिथे वाण घ्यायला कशाला जाऊ, म्हणतात. आणि त्यांना सोडून मी एकटी कशी येऊ?" मग म्हणाली, "यानंतर मला येणंच अवघड होणार आहे गं." आणि रडायला लागली.

बायकोने फोन ठेवला, डबा उघडून एक गोळा दाबून बघितला, झाकण लावलं आणि माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "एक तर त्याची चोरी सिद्ध करा, नाहीतर त्याला घेऊन या. महिना संपायला नऊ दिवस आहेत. मधलं काही चालणार नाही."

मला सिद्धच करायचं होतं. लॅपटॉप पिशवीत घातला, वही घेतली आणि बोईसर गाठलं. स्टेशनपासून जरा आत एक दुरुस्तीचं दुकान आहे, तिथे माझी ओळख नाही, म्हणून मुद्दाम तेच निवडलं. दुकानदार चाळिशीचा, हिंदी बोलणारा. मी त्याला जावयाचं काही सांगितलं नाही. नमुना कोणाचा हे प्रयोगशाळेला सांगायचं नसतं.

त्याने पट्टी काढली आणि दुसऱ्या लॅपटॉपात एकटी बसवली. लॅपटॉप सुरू झाला. चारच्या चार जीबी, कंसात काही नाही. "अंकल, माल एकदम सही है," तो म्हणाला. "नया है. ये देखो, स्टिकर पे वारंटी का नंबर." त्याने तो नंबर कंपनीच्या साइटवर घातला. पट्टी दोन महिन्यांपूर्वी बोईसरमधल्याच एका दुकानातून विकली गेली होती.

आता कोणीही समजला असता. मी मात्र दुकानदाराकडे निरखून पाहिलं. हा जावयाला ओळखत असला तर? बोईसर केवढं ते! मी विचारलं, "दांडी में किसी को जानते हो क्या?" तो गोंधळून म्हणाला, "अंकल, आप पुलिस में हो क्या?"

पट्टी परत बसवून त्याने माझा लॅपटॉप चालू केला. करडी पट्टी जागच्या जागी. "पट्टी ठीक, स्लॉट ठीक," तो म्हणाला. "किसी ने सेटिंग में हाथ लगाया है. ढूँढो किसने लगाया." जावयाचंच वाक्य, फक्त हिंदीत. मी त्याच्याकडूनही वहीत सही घेतली. हा वेडा म्हातारा एकदाचा जावा म्हणून त्याने ती केली असावी.

घरी येऊन मी वही घेऊन बसलो. हात लावणारा सापडलाच पाहिजे, वहीत नोंद नसेल तर त्याने चोरून लावला, आणि चोरून कोण लावणार हे मी ठरवलेलंच होतं. मी शेवटच्या पानापासून मागे आलो. दुकानदाराची नोंद. जावयाची नोंद, पुढे माझी लाल सही. मुलीने प्रिंटर जोडला ती नोंद, पुढे लाल सही. तिच्यावर निळ्या पेनातली एक ओळ होती:

"मॅक्झिमम मेमरीवर टिक केली. आकडा ४०९६ घातला. आता पूर्ण मेमरी वापरेल. मशीन तेज वाटते."

अक्षर ओळखायला मला चष्मा लागला नाही. करणाऱ्याची सही माझी. तपासणाऱ्याचा रकाना कोरा.

मोबाइलवरच्या व्हिडिओतला तो उपाय मला आठवला. मला वाटलं होतं, जास्तीत जास्त मेमरी म्हणजे मशीनला म्हणायचं, बाबा रे, हात आखडू नकोस, आहे तेवढी वापर. खरा अर्थ उलटा निघाला. एवढ्याच्या वर जायचं नाही, अशी ती ताकीद होती. लॅपटॉपात तेव्हा चारच होती, म्हणून ताकीद कुणाला जाणवली नाही. जावयाने आणखी चार आणून दिली तेव्हा मशीनने माझं ऐकलं आणि ती चार बाजूला काढून ठेवली. मी सेटिंग उघडून बघितलं. टिक होती. आकडा होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, माझा वळसा तर जावयाला चोर ठरवून बोईसरपर्यंत गेला होता.

सगळ्यांच्या नोंदी मी लाल पेनाने तपासल्या. माझी नोंद तपासायला घरात कोणी ठेवलंच नव्हतं. मला लाज वाटली. साधी नाही, कान गरम होईपर्यंत वाटली. आणि त्याने वही मागितली होती! तेव्हा दिली असती तर दोन मिनिटांत सगळं तिथेच, ताटावर मिटलं असतं.

मी टिक काढली नाही. कंपनीत चूक सापडली की तपासणीआधी ती गुपचूप दुरुस्त करणं हा मोठा गुन्हा. मी वहीत नवी नोंद लिहिली, बायकोला काहीही न सांगता लॅपटॉप पिशवीत घातला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दांडीच्या रिक्षात बसलो. रिक्षात तिघांच्या जागी पाच, पिशवी मी पोटाशी धरलेली. दांडीत होड्या किनाऱ्यावर ओढून त्यांच्यावर निळं प्लास्टिक बांधलं होतं. जावयाच्या घराच्या ओट्यावर त्याची आई सुक्या कोळंबीचे सोडे निवडत बसली होती. मला बघून तिने हात थांबवला, पण 'या' म्हणाली नाही.

"जावई आहेत का?" मी विचारलं.

"हाय. आज सुट्टी हाय त्याची." मग सुपात हात घालत म्हणाली, "बिल नाय ठेवलं त्याने अजून."

ते बोलणं मी खाल्लं. खायलाच हवं होतं. जावई बाहेर आला, मागे दारात मुलगी येऊन उभी राहिली. मी ओट्यावर बसलो, लॅपटॉप उघडला आणि वही त्याच्या हातात दिली. म्हणालो, "त्या दिवशी मागितली होती ना? आता बघा."

त्याने पान उघडलं. निळ्या ओळीवर त्याची नजर थांबली, मग खालच्या नव्या नोंदीवर. मुलगी खांद्यावरून वाचत होती, तिने पदर तोंडाला लावला.

"काय लिवलंय त्यात?" त्याच्या आईने विचारलं. तिला वाचता येत नाही.

"काय नाय गं आये," जावई म्हणाला. "मशीनचं काम हाय. सेटिंगचं."

मला तो टाळू शकला असता, चार शब्द सुनावू शकला असता, आणि त्याऐवजी तो आपल्या आईपासून माझी लाज झाकत होता. आयुष्यभर मी माणसांच्या तळाशी पाणी शोधलं. त्या क्षणी मला रडू आलं, आणि ते मी खोकल्यात घातलं. पण नोंद खोटी सांगितलेली मला चालत नाही, अगदी माझ्या भल्यासाठीही नाही. मी वही परत घेतली आणि मोठ्याने वाचली:

"चार जीबी राखीव राहण्याचं कारण: माझी चूक. सेटिंगला मी हात लावला होता. पट्टी नवी आणि चोख आहे. जावयावर चोरीचा संशय घेतला, तो खोटा होता. जेवत्या ताटावरून त्यांना उठवलं, त्याची माफी मागतो."

जावयाने लॅपटॉप माझ्याकडे सरकवला. "टिक तुमीच काढा. मी बघतो."

मी टिक काढली. लॅपटॉप बंद होऊन पुन्हा चालू झाला, नेहमीसारखा सावकाश, आणि तोवर आम्ही चौघं त्या काळ्या स्क्रीनकडे बघत होतो. आठ जीबी. कंसात ७.९. करड्या पट्टीची जेमतेम एक रेघ उरली होती. जावई म्हणाला, "तेवढी लागते त्याला. तेवढ्यावर संशय नका घेऊ."

त्याची आई उठली, हात धुतले. जाताना म्हणाली, "जेवून जावा. तुमच्यात अधिकात मासा नाय खात, म्हाईत हाय मला. डाळ-भात हाय, वांगं हाय." आणि दारातून वळून, बोट दाखवून: "मध्ये उठायचं नाय पण."

मी उठलो नाही. भात दोनदा घेतला. आमटीत मीठ जास्त होतं, आणि ते मुद्दाम घातलं असेल का, असा विचार माझ्या मनात आला हे कबूल करतो. मी तो तिथेच गिळला.

निघताना जावयाने वही मागितली. मी माझं लाल पेन काढून त्याला दिलं. त्याने माझ्या निळ्या ओळीपुढे, त्या कोऱ्या रकान्यात सही केली. मग नव्या नोंदीपुढे सही केली, खाली आणखी काहीतरी लिहिलं आणि वही मिटून पिशवीत घातली. ती मी रिक्षात उघडली नाही. न बघता सही घेण्याची माझी ती पहिलीच वेळ.

घरी बायकोने दार उघडलं आणि काही न विचारता माझ्या हातातून वही घेतली. माझी नोंद वाचताना तिचा चेहरा हलला नाही. मग तिने खालची लाल ओळ मोठ्याने वाचली: "पुढची तपासणी रविवारी, पालघरला. दोघं येतो."

तिने वही माझ्या हातात दिली, डबा खाली काढला, पिठाचा एक गोळा अंगठ्याने दाबून बघितला.

"तेहतीस होतील," ती म्हणाली.